लेक घरी येण्याआधी काय खाली ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्या ताई एकोणचाळीस वर्षांच्या, अविवाहित. मुंबईत एका ॲनिमेशन स्टुडिओत क्रिएटिव्ह डायरेक्टर, हाताखाली बावीस जण. आठ वर्षांपासून शनिवार-रविवार बालहक्कांचं काम: शाळांत पॉक्सो कायद्याची (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची) सत्रं, एका बालगृहात चित्रांचा वर्ग. ‘कारा’कडे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी झाली, होम स्टडी (घराची आणि पालकाची पाहणी) झाला, चार ते सहा वर्षांची मुलगी हवी असं नोंदवलं आहे. त्या विचारतात, ‘नोकरी, हे काम आणि आईपण, तिन्हींचा तोल कसा राखायचा? आणि तिन्ही करून गेलेली कुणी बाई आहे का, जिच्याकडे बघून बळ यावं?’

ताई, दोन्हीचं उत्तर देते. आधी मी कुठून बोलते ते सांगते. पुण्यात अठ्ठावीस वर्षं मुलांसाठी नाटकं बसवते, माणसांची आणि बाहुल्यांचीही. त्यातली वीस वर्षं नाट्यसंस्थेची सूत्रं माझ्याकडे होती. चौदा वर्षांपूर्वी मी एकटीने साडेपाच वर्षांची मुलगी दत्तक घेतली. ती दहा वर्षांची असताना एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर, म्हणजे निराधार आणि संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीवर सदस्य झाले आणि तीन वर्षांची मुदत पुरी केली. आता दत्तक घेऊ पाहणाऱ्या आणि घेतलेल्या पालकांशी बोलण्याचं काम करते. हे लिहिण्याआधी लेकीला विचारलं. तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहायच्या होत्या, तिने त्यातल्या दोनच गोष्टींना हो म्हटलं.

‘तोल’ हा शब्द मनातून काढून टाका. तोल म्हटलं की तिन्ही पारड्यांत सारखं वजन ठेवायची धडपड सुरू होते, आणि नव्याने आलेल्या मुलाच्या घरात ते पहिल्या आठवड्यातच कोसळतं. पहिल्या वर्षी तीनपैकी एक काम पूर्ण खाली ठेवावं लागतं आणि दुसरं दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. माझ्या मते खाली ठेवायचं ते बालहक्कांचं काम. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल. जे भेटतात ते नोकरीच कमी करायला सांगत असणार, कारण समाजसेवा पवित्र आणि नोकरी पोटासाठी, असा आपला हिशोब असतो. माझा अनुभव उलटा आहे. स्टुडिओत दमून आलेली बाई मुलीशेजारी निपचित तरी पडू शकते. दिवसभर मुलांची दुःखं ऐकून आलेल्या बाईकडे घरच्या मुलीच्या दुःखासाठी काही उरत नाही. ते पाणी एकाच विहिरीतलं असतं.

माझ्या समितीवरच्या वर्षांत हेच झालं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे समितीने महिन्याला किमान वीस दिवस बसायचं असतं. रोज समोर पळून आलेली, विकलेली, मारहाण झालेली, रेल्वे स्टेशनवर सापडलेली मुलं. मी फार मन लावून ऐकायची. एका संध्याकाळी लेक शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी ‘हं, हं’ करत भाजी चिरत होते. ती थांबली आणि म्हणाली, ‘मी पण समितीपुढे येऊ का? तिथे तू ऐकतेस.’ ही तिने लिहायची परवानगी दिलेल्या दोनांपैकी पहिली गोष्ट. त्या रात्री मी राजीनामा लिहिला होता. शेवटी दिला नाही. घरी पोचल्यावर पहिला एक तास फोन कपाटात ठेवायचं ठरवलं आणि ते पाळलं. पण तिला घरी येऊन तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती, मुळं धरली होती, म्हणून ते निभावलं. पहिल्या वर्षी निभावलं नसतं.

आता तुमचा बालगृहातला चित्रांचा वर्ग. तो अचानक बंद करू नका. त्या मुलांना मोठी माणसं न सांगता नाहीशी होण्याची सवय आहे, त्यात तुमची भर नको. शेवटची तारीख तीन वर्ग आधी सांगा, फळ्यावर लिहा, शेवटच्या दिवशी प्रत्येकाचं चित्र त्याच्या हाती द्या. आणि वर्ग चालवायला दुसरं कुणी मिळालं असेल तर तिला घेऊन दोन वर्ग एकत्र करा.

याच वर्गाबद्दल एक गोष्ट विचारते, कारण तुम्ही लिहिलेली नाही तरी ती असते. तिथल्या एखाद्या मुलीत जीव गुंतलाय का? असेल तर तो आजच सोडवायला घ्या. दत्तकाची यादी ज्येष्ठतेने चालते, पोर्टलवर तुमचा क्रमांक आला की मुलाची माहिती तुम्हाला दाखवली जाते. ४८ तासांत त्या मुलासाठी नाव राखून ठेवायचं, मग प्रत्यक्ष भेट आणि निर्णय. ओळखीतलं मूल निवडून घ्यायची सोय त्यात नाही, आणि ती नसणंच बरोबर आहे. माझ्या वेळी दत्तक संस्थेत जाऊन नाव घालायचे आणि आदेश न्यायालयातून मिळायचा. कुणाची ओळख किती, यावर बरंच काही ठरायचं. आता २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. शिवाय बालगृहातली पुष्कळ मुलं अनाथ नसतात. आई आजारी आहे, बाप दारू पितो, शेत गेलं, म्हणून ती तिथे असतात. त्यांना त्यांचं घर परत मिळावं म्हणूनच तर तुम्ही आठ वर्षं काम केलंत.

आता नोकरी, आणि आधी रजा. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पोटच्या बाळासाठी रजा २६ आठवडे झाली. दत्तक आईला १२ आठवडे दिले, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. हे कलम लिहिणाऱ्यांनी दत्तकाचा कायदा समोर ठेवला नव्हता असंच मला वाटतं. आईवडिलांनी स्वतः आणून दिलेल्या बाळाबाबत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. सोडून दिलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर चौकशीला दोन महिने, मोठं असेल तर चार. त्यानंतर ते मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं होतं, मग यादी, मग भेट, मग कागद. यात तीन महिन्यांच्या आतलं बाळ आईच्या हाती येणार कधी? आणि चार-सहा वर्षांच्या मुलीच्या आईचा तर त्या कलमात विचारच नव्हता. हीच अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. एका दत्तक आईने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०२६ मध्ये न्यायालयाने ती वयाची अट काढून टाकली. माझ्या मते ही या क्षेत्रातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत गरजेची लढाई होती.

पण तुम्ही कायद्यावर विसंबू नका. एचआरकडून आजच लेखी घ्या: मूल घरी आल्यापासून सहा महिने रजा. त्यातली पगारी किती, बिनपगारी किती, हे नंतर बोला. सहा महिन्यांखाली उतरू नका. मुलगी मोठी आहे, शाळेत जाईल, मग रजा कशाला, असं तुम्हाला नक्की विचारतील. मोठी आहे म्हणूनच हवी. तान्ह्या बाळाला फक्त तुमची सवय लागते. सहा वर्षांच्या मुलीला आधीची सगळी सवय सोडून तुमची लावून घ्यायची असते.

मग हवाली करणं. क्रिएटिव्ह लोकांना हे जड जातं, मलाही गेलं. ‘मी रजेवर आहे, पण काही लागलं तर फोन करा’ हे हवाली करणं नव्हे. बावीस जणांपैकी एकीचं किंवा एकाचं नाव घ्या आणि सहा महिने अंतिम शब्द त्याचा असेल हे सगळ्यांसमोर, क्लायंटसमोर सांगा. स्टोरीबोर्डवर तुमची सही लागणार नाही. काही फ्रेम तुम्हाला आवडल्या नसत्या अशा जातील. जाऊ द्या. मी एक अख्खं नाटक दुसरीच्या हाती दिलं होतं. प्रयोगाला गेले तेव्हा प्रकाशयोजना पाहून पोटात कालवलं, पण समोरची मुलं हसत होती, जिथे हसायला हवी तिथेच.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. अशी बाई आहे, आणि आपल्या पुण्यातलीच आहे. सावित्रीबाई फुले. आपण त्यांचं नाव शाळेशी जोडतो आणि थांबतो. १८४८ पासून शाळा, १८५४ मध्ये कवितांचं पुस्तक, १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, आणि १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक, यशवंत. तुम्ही विचारलेली तिन्ही कामं एका बाईच्या आयुष्यात आहेत, आणि तीही अंगावर शेण-दगड झेलत केलेली.

पण मला त्यांचं बळ वेगळ्याच ठिकाणी दिसतं. १८५६ मध्ये त्या आजारी पडून माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात म्हणतात की फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. फातिमा म्हणजे फातिमा शेख, शाळेतल्या त्यांच्या सहकारी. सावित्रीबाई आजारपणात अंथरुणावर होत्या आणि शाळा चालू होती, कारण ती कुणाच्या तरी हाती होती. तिथे त्यांनी फातिमाचं नाव घेतलं, तिच्या कष्टाची जाणीव ठेवली आणि पुण्याला धाव घेतली नाही. तुमच्या स्टुडिओतली फातिमा कोण, ते या महिन्यात ठरवा. तिचा पगार वाढवायला लावा.

आता मुलगी. तुम्हाला मुलांच्या मनाबद्दल पुष्कळ माहिती आहे, आणि सुरुवातीला तीच आड येईल. पालकांबरोबर काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय: समुपदेशक, शिक्षिका, डॉक्टर, कार्यकर्त्या अशा आया पहिल्या महिन्यांत मुलाकडे केस म्हणून बघतात. मूल उशीखाली पोळी लपवतं, आणि आईच्या मनात नोंद होते. मूल झोपेत दचकतं, नोंद. त्या नोंदी बरोबरच असतात. पण मुलाला कळतं की आपल्याकडे कुणीतरी तपासून बघतंय, संस्थेत आलेले पाहुणे बघायचे तसं. पोळी लपवली तर बोलू नका, समजावू नका. तिच्या उंचीच्या फळीवर एक डबा ठेवा, त्यात चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, बिस्किटं, आणि सांगा की हा तुझा, कधीही उघड, न विचारता. डबा कधी रिकामा होऊ देऊ नका. काही महिन्यांनी एक दिवस तिला त्या डब्याची आठवणही राहणार नाही.

तिला भूक लागली की नाही, थंडी वाजते की नाही, हे कदाचित सांगता येणार नाही, कारण बालगृहात जेवण घंटा झाली की मिळायचं आणि स्वेटर सगळ्यांना एकाच दिवशी. पडली तर रडणार नाही. आया याचं कौतुक करतात, ‘किती सोशीक’. कौतुक करू नका. रडल्यावर कुणी येतं हे तिला अजून माहीत नाही. पडली की न रडताही जा, उचला, फुंकर घाला. कधीतरी ती पडेल आणि तुमच्याकडे बघून भोकाड पसरेल. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तिला स्टुडिओत नेऊ नका. निदान पहिले चार महिने. तुमची माणसं प्रेमळ असणार, केक आणतील, फुगे लावतील. ती कुणाच्याही मांडीवर बसेल, कुणाचाही हात धरेल, आणि सगळे म्हणतील, ‘अय्या, किती पटकन मिसळते!’ संस्थेत वाढलेलं मूल अनोळखी माणसाकडे पटकन जातं, कारण तिथे पाळ्या बदलतात, ताया बदलतात, आणि जो समोर असेल त्याचं मन जिंकून घ्यावं लागतं. तिला आता उलटं शिकायचंय: एक माणूस माझं आहे आणि बाकीचे नंतर. म्हणून काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, दुखल्यावर जवळ घेणं हे फक्त तुम्ही करायचं. तुमच्या आईनेसुद्धा नाही. आईला वाईट वाटेल. आजी आणि मावशीला तोवर खेळ, गोष्टी, देवळात जाणं एवढंच मोकळं ठेवा.

पहिले काही आठवडे सगळं गोड चालेल आणि मग एक दिवस ती तुमच्या अंगावर थुंकेल किंवा पुस्तक फाडेल किंवा म्हणेल, ‘तू माझी आई नाहीस, मला तिकडे सोड.’ याचा अर्थ ती तिथे परत जाऊ इच्छिते असा नाही, आणि तुम्ही चुकलात असाही नाही. तिला पाहायचंय की वाईट वागल्यावरही हे घर टिकतं का. पण त्यात खरं दुःखही असतं. तिथे तिची एक मैत्रीण होती, शेजारच्या खाटेवरची. ती मैत्रीण एका सकाळी आयुष्यातून गेली. या दुःखाला नाव द्या. ‘तुला तिची आठवण येते ना,’ एवढंच. ‘आता तुला किती छान घर मिळालंय’ हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका.

तुमच्या पॉक्सोच्या सत्रांबद्दल जरा थांबून बोलते. तुम्ही शेकडो मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवलाय. घरी आलेली मुलगी कदाचित एके दिवशी, आंघोळ करताना किंवा अंधारात, तिच्या आधीच्या आयुष्यातलं काही सांगेल. असं होतंच असं नाही, पण होतं. त्या क्षणी तुमच्यातली प्रशिक्षक उठून बसेल आणि कुठे, कधी, कुणी, किती वेळा असे प्रश्न जिभेवर येतील. एकही विचारू नका. ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नव्हती. मी इथे आहे,’ यापुढे जाऊ नका. ती झोपल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला माहीत असलेल्या, पण तुमच्या मैत्रीण नसलेल्या समुपदेशकाकडे जा. २०१२ च्या त्या कायद्याचं कलम १९ तुम्ही सत्रात शिकवता: माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवायचं. ते आईलाही लागू आहे, आणि मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा नंबर तुम्हाला मी सांगायला नको. मात्र पोलिसांकडे, समितीकडे जाल तेव्हा आई म्हणून जा. अधिकारी ओळखीचे असतील, तुमच्याशी सहकाऱ्यासारखं बोलतील. त्यांना सांगा की आज मी मुलीची आई आहे, दुसऱ्या कार्यकर्तीला बोलवा. दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येत नाही, आणि मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर ती भरून काढायला दुसरं कुणी नसतं.

यानंतर मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. मूल तुमच्या कलेतही येऊ नये आणि तुमच्या कामातही येऊ नये.

दुसरी गोष्ट, जिला लेकीने परवानगी दिली. ती सात वर्षांची असताना तिला एक स्वप्न पडायचं. ते मला फार सुंदर वाटलं, बाहुलीनाट्यासाठी जणू तयारच. स्वप्न काय होतं ते मी आजही लिहिणार नाही. मी ते नाटकात घेतलं. नाव बदललं, मुलीचा मुलगा केला, समुद्राची नदी केली. प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसली होती. त्या प्रसंगाला सभागृहातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती मागे वळून त्या मुलांकडे बघत राहिली, बराच वेळ. घरी आल्यावर सहा दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. सातव्या दिवशी म्हणाली, ‘ते माझं एकटीचं होतं.’ नाटकाला चांगली परीक्षणं आली होती, पुढचे अकरा प्रयोग लागले होते. आम्ही तो प्रसंग काढला आणि त्या जागी दुसरा बसवला, जो तितका चांगला झाला नाही. तिने माझ्याशी पुन्हा स्वप्नांबद्दल बोलायला दोन वर्षं घेतली.

ज्या मुलांजवळ स्वतःचं असं फार थोडं असतं, जन्मतारीखसुद्धा डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते, त्यांचं स्वप्न, त्यांचं एखादं वाक्य, त्यांनी काढलेलं वेडंवाकडं घर ही त्यांची मालमत्ता असते. तुम्ही ॲनिमेशनमध्ये आहात. तिच्या चित्रातली रेघ तुम्हाला मोहात पाडेल. तिला विचारून घेईन असं म्हणाल. सहा वर्षांची, नुकती घरी आलेली मुलगी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, तेव्हा तिच्या होकाराला अर्थ नाही. ती मोठी होऊन स्वतः तुमच्या टेबलावर काही आणून ठेवेल तेव्हा बघा.

तसंच व्यासपीठाचं. दत्तकावर बोलायला लोक तुम्हाला बोलावतील, विशेषतः जागतिक महिला दिनाच्या आठवड्यात. एकट्या बाईने मोठी मुलगी घेतली, वर क्रिएटिव्ह डायरेक्टर, वर बालहक्क कार्यकर्ती. ते फोटो मागतील. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही ते इतरांना सांगत आलात. तुमच्या लेकीलाही त्याच मायेने लावा. ती कुठल्या राज्यातून आली, कशी सापडली, आईने का सोडलं, यातलं अक्षरही मैत्रिणींना नको, मामांना नको, शाळेतल्या बाईंना गरजेपलीकडे नको. ही माहिती तिची आहे. तुमच्याकडे फक्त सांभाळायला दिली आहे. दत्तक असणं लपवायचं नाही, ते पहिल्या दिवसापासून घरात सहज बोललं जावं. पण ‘दत्तक’ हा शब्द उघडा असणं वेगळं आणि तिची कहाणी उघडी असणं वेगळं.

नातेवाईक ‘पुण्याचं काम केलंस’ म्हणतील. मुलीसमोर म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा, वयाने कितीही मोठे असले तरी. पुण्य म्हटलं की ती आयुष्यभराची ऋणको झाली. आणि काही जण खऱ्या-खोट्याचा प्रश्न काढतील. तो जुना आहे. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा यशवंतने अंत्ययात्रेत टिटवं (पुढे धरायचं मडकं) धरायला भाऊबंदांतून विरोध झाला. दत्तक, त्यात विधवेचा. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि स्वतः टिटवं हाती घेऊन चालल्या. मला तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. त्या भांडल्या नाहीत, मुलाचा हक्क सिद्ध करायचे पुरावे मांडत बसल्या नाहीत. मुलाच्या आणि त्या प्रश्नाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या.

शाळेचं आधीच बघून ठेवा. पहिली-दुसरीत ‘कुटुंबवृक्ष काढा’ आणि ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ हे येतंच. बाईंना वर्ष सुरू होतानाच भेटून सांगा की फोटोऐवजी ‘मला आवडणारा माझा कोणताही फोटो’ असं सगळ्याच वर्गाला द्या. बहुतेक बाई ऐकतात. फॉर्मवर वडिलांच्या नावाची जागा येईल तिथे दत्तक आदेशाची प्रत लावून रेघ मारा. पासपोर्टला २०१६ च्या अखेरीपासून एका पालकाचं नाव चालतं. कागद फार अवघड नाहीत, फक्त वेळ खातात.

दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्त्या घरी येतील. त्यांच्यासमोर घर आवरून, मुलीला नवा फ्रॉक घालून बसू नका. तुम्ही या क्षेत्रातल्या, म्हणून सगळं नीट चाललंय असं दाखवण्याचा मोह तुम्हाला जास्त होईल. मी तोच मोह धरून बसले होते आणि पहिल्या वर्षी जी मदत मिळाली असती ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मागितली. रात्री झोप लागत नाही, मला तिचा राग येतो, मला कधी कधी ती आवडत नाही, हे सगळं सांगता येतं. त्यावर मूल काढून नेत नाहीत. मदत देतात.

बालहक्कांचं काम कायमचं सोडा असं मी म्हणत नाही. वर्षाने, दीड वर्षाने, ती रात्री सलग झोपू लागली, शाळेतल्या भांडणांबद्दल आपणहून सांगू लागली, की महिन्यातला एक शनिवार घ्या. तेव्हा तुम्ही वेगळं काम कराल. मी समितीवर गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मुलांना प्रश्न कमी विचारते आणि पाणी आधी देते.

आता भेटीच्या दिवसाचं. क्रमांक कधी लागेल सांगता येत नाही, पण मोठ्या मुलांसाठीची रांग तान्ह्यांच्या रांगेइतकी लांब नसते, तेव्हा तयारी असू द्या. मुलगी पाच वर्षांची किंवा मोठी असेल तर तिची संमती घेतली जाते. तिला वेळ द्या, पहिल्याच दिवशी ‘आई म्हण’ म्हणू नका. तिचं नाव बदलू नका. ती दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या ताईंकडून तिच्या भाषेतले चाळीस-पन्नास शब्द लिहून आणा: भूक, शू, भीती, अंधार, पुरे, ये, झोप, दुखतंय. झोपताना कुठलं गाणं म्हणतात ते फोनवर रेकॉर्ड करा. डोक्याला कुठलं तेल, अंगाला कुठला साबण, विचारा आणि तेच घरी आणून ठेवा, तुमचा कितीही चांगला असला तरी. शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीचा निरोप घ्यायला तिला पुरेसा वेळ द्या आणि दोघींचा एक फोटो काढता येईल का ते विचारा. आणि निघताना तिच्या उशीचा अभ्रा मागून घ्या. ताई देतात. घरी आल्यावर तो तिच्या नव्या उशीवर घाला आणि ती स्वतः सांगेपर्यंत धुऊ नका.